शंभर हात

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच राहतात. ती वाया घालवण्यापेक्षा त्यांवर मनातलं लिहावं, हे मी मॅट्रिक झाले त्या वर्षापासून करते आहे. पुढून पैसे, मागून मन. दोघांची मध्ये गाठ पडली की नवी वही.

आज लेकीनं फोनवर जाहीरच करून टाकलं. आपण तिघांनी चार दिवस बेटावर जायचं, खोली घेऊन ठेवली आहे. मी म्हटलं, "तिघं म्हणजे? जावई?" तर म्हणते, "त्याला काम आहे गं, आई."

काम! दोन महिने झाले, ही एकटीच येते. आली की बाबांशी बोलत बसते आणि मी खोलीत गेले की गप्प. मागच्या आठवड्यात ह्यांचे डोळे तपासायचे म्हणून घेऊन गेली ती चार तासांनी उगवली. डोळ्यांना चार तास? हातात भलंमोठं पाकीट, आणि स्वतःचेच डोळे सुजलेले. तिच्या संसारात काहीतरी बिनसलं आहे आणि ती बापाजवळ मन मोकळं करते आहे, हे न कळायला मी काय दुधखुळी आहे? मला सांगत नाही, कारण मी बोलून दाखवते. आजपासून तिच्यासाठी एक माळ जास्तीची.

हे मात्र खुशीत आहेत. चौतीस वर्षं तरण तलावावर पोहायला शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी परवा भल्या सकाळी पिशवी घेऊन तलावावर हजर! तिथला शिपाई घरापर्यंत सोडायला आला. "सर, आम्हालाही तुमची आठवण येते, पण आता जरा रजा घ्या," म्हणाला. मीही हसले. चौतीस वर्षांची सवय दोन वर्षांत सुटते होय?

६ फेब्रुवारी, गुरुवार

सामान बांधते आहे. मी बांधते, हे सोडतात.

"शिट्टी घेतलीस का?" हे सकाळपासून सात वेळा विचारून झालं. मोजायची माझी खोडच आहे. सातव्यांदा मी शिट्टी त्यांच्या गळ्यातच अडकवली आणि म्हटलं, "आता विचारा." तर माझ्याकडे बघत म्हणतात, "काय विचारू?"

कधी कधी असा विनोद करतात की हसावं का रागवावं तेच कळत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पोचलो. खोली बरी आहे. तीन खाटा, एक खिडकी, मोरीत नळ गळतो. खाली बादली लावली, सकाळपर्यंत कपड्यांपुरतं पाणी फुकट जमेल.

खाली नोंदवहीत नाव लिहायचं होतं. व्यवस्थापकानं माझ्याकडे बघून विचारलं, "नाव काय साहेबांचं?" मी लेकीकडे बघितलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण ह्यांचं नाव माझ्या तोंडून गेलेलं नाही. आई घ्यायची नाही, म्हणून मी घेतलं नाही, दुसरं काही कारण नाही. 'अहो' म्हटलं की काम भागतं. देवाची हजार नावं मी रोज सकाळी घेते आणि ह्यांचं एक घेत नाही, यावरून लेक लहानपणापासून माझी थट्टा करते.

तेवढ्यात ह्यांनीच छाती काढून पूर्ण नाव सांगितलं, खणखणीत, शाळेतल्या हजेरीसारखं. पुढे पत्ता विचारला तर लहानपणच्या घराचा सांगितला! ते घर पडून तीस वर्षं झाली. मी म्हटलं, "अहो, चेष्टा पुरे," आणि खरा पत्ता दिला. व्यवस्थापक हसला. लेक हसली नाही. हल्ली तिला कशाचंच हसू येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी हे फिरून आले ते सरळ शेजारच्या खोलीत शिरले. तिथे एक नवीन लग्न झालेलं जोडपं. मी आवाजानं धावले तर हे त्यांच्या खाटेवर बसून चपला काढत होते आणि त्या मुलीला म्हणत होते, "पाणी दे गं." मी म्हटलं, "माफ करा हं, चष्मा विसरलेत." चष्मा ह्यांच्या नाकावरच होता. ती मुलगी भली, तिनं खरंच पाणी आणून दिलं.

लेकीनं मला गॅलरीत ओढलं. "आई, किती दिवस झाकणार आहेस?"

"काय झाकलं मी?"

"बाबा विसरायला लागलेत. साधं विसरणं नाही हे. डॉक्टर म्हणाले..."

"वय झालं की सगळेच विसरतात. मी नाही परवा मिठाच्या बरणीत साखर ओतली?"

"साखर वेगळी, आई!"

"वेगळी कशानं? दोन्ही पांढरी."

ती रडायला लागली. मग मी तिला जवळ घेतलं आणि विचारलंच, "खरं सांग, जावयाशी भांडण झालं आहे ना?" तिनं डोळे पुसले, माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी काही मीच परकी आहे, आणि म्हणाली, "उद्या नावेतून जायचं आहे. बाबांना पाण्यात एकटं सोडायचं नाही. एवढं तरी ऐकशील?"

मला राग आला. ज्या माणसानं हजारभर मुलांना पाण्यात तरंगवलं, त्याला मी धरून बसू? पण हो म्हटलं. ती रात्रभर दाराला खुर्ची लावून बसते, झोप नाही, म्हणून असं काहीबाही बोलते.

एक मात्र खरं. हल्ली 'अहो' म्हटलं की हे लगेच ओ देत नाहीत. तीन-तीनदा म्हणावं लागतं. कानात पाणी जाऊन जाऊन कान गेले असणार. पण संध्याकाळी व्यवस्थापकानं आवाराच्या त्या टोकाकडून नावानं हाक मारली तर कसे ताडकन वळले! म्हटलं, "परक्यांचं बरं ऐकू येतं तुम्हाला!"

१० फेब्रुवारी, सोमवार

नावेत बसून लिहिते आहे. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली. अक्षर हलतं आहे, त्याला इलाज नाही.

इतका चांगला दिवस आयुष्यात आला नव्हता, हे देवाला स्मरून लिहिते. एका लहानशा खाडीत नांगर टाकला आहे. पाणी हिरवं, तळाची वाळू दिसते. पलीकडे दुसरी एक नाव, तिच्याभोवती तिघे पुरुष पाण्यात डुंबत आहेत. आमचा नावाडी पन्नाशीचा, पुढचे दोन दात पडलेले, बोलायला तिखट. मला लिहिताना बघून म्हणाला, "मावशी, वहीत माझं काही वाईट लिहू नका. बायकोनं वाचलं तर घरात घ्यायची नाही."

सकाळी लेक ह्यांच्याबरोबर तासभर पोहली. हातभर सुद्धा लांब झाली नाही. ह्यांना तिनं नारिंगी जॅकेट घातलं होतं, ते ह्यांनी काढून फेकलं. "मला जॅकेट? उद्या माशाला घालाल!" नावाडी इतका हसला की त्याची विडी पाण्यात पडली.

मग ह्यांनी मला पाण्यात उतरवलं! एकेचाळीस वर्षांत गावाला शिकवलं आणि बायकोला नाही, असं मी किती वेळा टोचून बोलले असेन. आज काय वाटलं कोण जाणे. शिडी धरून उतरले, साडी फुगून वर आली, मी ओरडले. हे म्हणाले, "बाई, घाबरू नका. मान मागे टाका. मी धरलं आहे तुम्हाला."

तुम्हाला! मला हसूच फुटलं. अगदी तलावावरचे सर झाले. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. "अंग सोडा. पाणी शत्रू नाही. श्वास घ्या, बाई." मी अंग सोडलं. कान पाण्यात गेले आणि वरचं आभाळ तेवढं उरलं. मग त्यांनी हात कधी काढून घेतले ते कळलंच नाही. मी तरंगत होते. एकसष्टाव्या वर्षी!

"छान," म्हणाले. "पहिल्याच दिवशी जमणारे थोडे असतात. नाव काय तुमचं? वहीत लिहून घेतो."

मी म्हटलं, "ओळखा पाहू!" त्यांनी खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिले, आणि मग ओशाळून म्हणाले, "उद्या सांगा." काय नाटकी माणूस!

आता लेक नावेच्या टोकाला सावलीत पडली आहे. "आई, पाचच मिनिटं डोळे मिटते. तुझं लक्ष आहे ना?" म्हणाली. मी म्हटलं, झोप गं बाई, मी आहे ना.

हे पुन्हा काठावर उभे आहेत. एक फेरी मारून येतो म्हणतात. ह्यांची रीत ठरलेली आहे. शंभर हात मारायचे, वळायचं, शंभर हातांत परत. निम्मा दम परतीसाठी राखून ठेवायचा, हे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी काठावर बसून त्यांचे हात माळेवर मोजायची. शंभराव्या मण्यापाशी तेव्हा बांधलेला लाल दोरा अजून आहे. आज पुन्हा मोजते. लेकीला उठवत नाही, बिचारी आत्ताच झोपली आहे.

"येतो गं," म्हणाले. गं म्हणाले, म्हणजे नाटक संपलं.

वही ठेवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडले. आज सकाळी, बेटाच्या मागच्या बाजूला, खडकांत. शिट्टी गळ्यात होती.

धक्क्याजवळच्या कचेरीत नेलं. लोखंडी टेबल, एक पाय लहान, त्याखाली पुठ्ठा. लेक बाहेर जावयाला फोन करत होती. तो पहिल्या होडीनं निघाला आहे. कारकुनानं कागद पुढे ओढला.

"मयताचं नाव?"

मी दाराकडे बघितलं.

"बाई, नाव सांगा."

सांगितलं.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांगा."

मोठ्यानं सांगितलं. त्यानं एक अक्षर चुकवलं, मी तिसऱ्यांदा सांगितलं. एकेचाळीस वर्षं जपून ठेवलं होतं, ते असं त्याच्या फॉर्मवर गेलं. मग विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

बाकीचं आज लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आणलं. सगळं झालं. जावई सारखा पायाशी बसून असतो, माझ्या आधी त्याचेच डोळे भरून येतात. लेकीचा एक शब्द तो खाली पडू देत नाही. यांच्यात भांडण! ज्या पाकिटाला मी तिच्या संसाराचं दुखणं समजत होते ते आज तिनं माझ्यापुढे ठेवलं. आत ह्यांच्या डोक्याच्या तसबिरी. काळ्या-पांढऱ्या. डॉक्टरांनी खाली लिहिलं आहे ते मी मॅट्रिकच्या इंग्रजीवर दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात कळलं होतं.

आता सोमवारचं लिहिते. लिहिलं नाही तर पुढे मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

हे पाण्यात उतरले तशी मी माळ सुरू केली. एक हात, एक मणी. सावकाश, लांब, सुंदर हात. पन्नास. सत्तर. लाल दोरा बोटाला लागला. शंभर. मी मान वर करून बघितलं, आता वळतील. वळले नाहीत. पुढेच गेले.

मला वाटलं, माझंच चुकलं.

दुकानदार माझ्या बेरजेवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. शिट्टी किती वेळा विचारली ते मी सांगू शकते. माझी मोजणी आजवर चुकलेली नाही. पण पाण्यात हे कधी चुकणार नाहीत, हा विश्वास माझ्या बोटांपेक्षा मोठा होता. म्हटलं, मणी सुटले असतील मधले. आणि मी माळ पहिल्यापासून धरली.

पुन्हा एक. पुन्हा दोन.

दुसऱ्यांदा लाल दोरा आला तेव्हा ह्यांचं डोकं खाडीच्या तोंडाबाहेर काळ्या ठिपक्याएवढं झालं होतं. मी उभी राहिले आणि हाक मारली, "अहो!" पलीकडच्या नावेजवळचे तिघेही पुरुष वळून बघायला लागले. तिघेही कोणाचे तरी 'अहो' असतील. ज्यांना मारली ते तेवढे वळले नाहीत. "अहो! अहो ऐकलं का!"

लेक दचकून उठली. तिनं बघितलं आणि "बाबा!" म्हणून किंचाळली, त्या एका किंचाळीत तिचा आवाजच बसला. वळले नाहीत. तिनं माझे खांदे धरून हलवलं. "आई, नावानं हाक मार! ते नावालाच वळतात!" मी तोंड उघडलं. देवाशपथ, लाज नव्हती. लाजेची वेळ होती का ती? पण जीभ ज्या वाटेनं कधी गेलीच नाही त्या वाटेनं जाईना. पुन्हा 'अहो'च बाहेर पडलं.

नावाडी नांगर ओढत होता, तो तळाशी कशात तरी अडकलेला. त्यानं कोयत्यानं दोर तोडला, यंत्र सुरू केलं, आणि लेकीला विचारलं, "नाव काय काकांचं?" तिनं सांगितलं. मग तो टोकाला उभा राहिला, तोंडाभोवती हात धरले, आणि त्या परक्या माणसानं माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारली.

ते थांबले.

वळले. आमच्याकडे तोंड केलं आणि उजवा हात सरळ वर केला. हजेरीला मुलं करतात तसा.

मग हात दिसेना. आम्ही पोचलो तेव्हा तिथे सपाट पाणी होतं. नावाडी तीनदा आत उतरला.

म्हणजे नावाला वळत होते. शंभराव्या मण्याला मी नाव घेतलं असतं तर शंभर हातांत परत आले असते. तेवढा दम त्यांच्याजवळ नेहमी असायचा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लोक येऊन गेले. भाजीच्या पिशव्या, फुलं, सांत्वन. "किती शांत मरण, आवडत्या पाण्यातच," असं एक बाई म्हणाल्या. त्यांना चहा दिला.

लेक अजून इथेच आहे. ती खात नाही. आज सकाळी मोरीत तोंड धुता धुता म्हणाली, "पाच मिनिटं डोळे मिटले मी, आई. पाच मिनिटं. मी मारलं बाबांना." जावई तिला समजावत होता. मी दारात उभी होते, हातात टॉवेल घेऊन. बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "टॉवेल घे."

माळेचं कोणालाही सांगितलेलं नाही मी. शंभर मोजले होते, बरोबर मोजले होते, आणि पुन्हा एकापासून सुरू केलं, हे फक्त या वहीला ठाऊक आहे. लेकीला वाटतं मला उशिरा दिसलं. मला वेळेवर दिसलं होतं. आदल्या दिवशी गॅलरीतही दिसलं होतं, आणि त्याच्या आधी वर्षभर. मी प्रत्येक वेळी माझीच बेरीज खोडत आले. पोरगी माझी चूक स्वतःच्या खाती ओढून बसली आहे, आणि मी तिला ओढू देते आहे.

आज सोळा दिवसांनी माळ हातात घेतली. देवाचं नाव येईना. रागानं नाही, तेवढं बळ नाही आता. मग ह्यांचं नाव घेतलं. पहिल्यांदा ओठांत, मग आवाजात. एका मण्याला एकदा. घरात कोणी तरी नवीन माणूस आल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीत लेकीचं बोलणं थांबलं. ती येऊन दाराशी उभी राहिली, तरी मी थांबले नाही.

लाल दोरा बोटाला लागला तेव्हा थांबले.

"आई," ती म्हणाली, "तू नाव घेत होतीस?"

मी म्हटलं, "बस जरा. एवढं लिहून होऊ दे, मग तुला काहीतरी वाचायला देते."

ती समोर बसली आहे. वही मागून उघडून तिच्या हातात देणार आहे. काय होईल ते होवो, कदाचित ती पुन्हा माझं तोंड पाहणार नाही. पण मोजणी बरोबर होती आणि शंभर झाले आहेत. इथून वळायचं असतं.